डब्यात काय आहे ते ओळख

माझी माय वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा पोट धरून हसली. ते हसू मी आणलं होतं, माझ्या दुकानातून, डाळीच्या दाण्याएवढ्या एका पांढऱ्या गोळीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे घरात कोणीही मला त्याचं श्रेय दिलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं मेडिकल आहे. पुढे दुकान, मागे घर. मी डॉक्टर नाही, फार्मसीचा डिप्लोमा झालेला आहे. पण गल्लीतली अर्धी माणसं मला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. वडील, नत्थुजी, सहा वर्षांपूर्वी गेले. घरात मी, बायको आरती आणि माय. मायचं नाव मैनाबाई. मैना नाव असलेली इतकी मुकी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मायला हसवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. लहानपणी मी तिच्यासमोर माकडउड्या मारायचो, मास्तरांच्या नकला करायचो. ती तव्यावरची भाकर उलटायची. सातवीत मी शाळेत पहिला आलो, धावत घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता पानी भर." मी पाणी भरलं. पन्नाशी आली तरी मी पाणीच भरत होतो, असं म्हणा.

गेल्या उन्हाळ्यात तिचे सांधे धरले. बोटं वाकडी झाली, नळ उघडता येईना, सकाळी उठवून बसवायला आरती लागायची. मी म्हणालो, मोठ्या दवाखान्यात दाखवू. ती म्हणाली, "घरात दवाखाना असून बाहेर कायले जाचं?" खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. मग मीच पुडी बांधली. एक दुखण्याची गोळी, एक पित्ताची, आणि एक स्टेरॉइडची. पाच दिवस द्यायची म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंगण झाडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर माय. कमरेत पदर खोचून, हातात खराटा. बोटं सरळ नव्हती झाली, पण दुखत नव्हती. आठ वाजता भाजीवाल्याची गाडी गल्लीत आली. आजकाल ते ओरडत नाहीत, भोंग्यावर रेकॉर्ड लावतात. त्या दिवशी त्याची रेकॉर्ड अडकली. "भेंडी, भेंडी, भेंडी, भेंडी" असं सुरू झालं आणि थांबेचना. भाजीवाला बिचारा भोंग्याला थापडा मारतोय. माय ओट्यावर बसली होती. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी. आरती घाबरून पाण्याचा गिलास घेऊन धावली.

हसणं ओसरल्यावर तिने मला जवळ बोलावलं. माझ्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाली, "श्याम, लेका, तू हायेस म्हनून मी जित्ती हावो."

मी दुकानात गेलो, इन्सुलिनच्या फ्रिजमागे उभा राहिलो आणि रडलो. कशाने रडतोय ते कळत नव्हतं. छाती इतकी भरून आली होती की वाटलं, आता कोणी आलं तर त्याला फुकट औषध देऊन टाकीन. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता असं विचारलं तर मी आजही तोच सांगेन. लग्नाचा नाही, दुकानाच्या उद्घाटनाचा नाही.

आता, ही गोळी काही काही लोकांना अशी चढते हे मला ठाऊक होतं. भूक वाढते, झोप कमी होते, आणि माणूस उगाचच खूश राहतो. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. पाच दिवस संपले. मी थांबवायला हवी होती. पण कोणता मुलगा थांबवेल? मी रोज पुडी बांधत राहिलो, आणि रोज सकाळी ओट्यावरून येणारा तो आवाज दुकानात बसून ऐकत राहिलो. गिऱ्हाईक विचारायचं, कोण हसतंय? मी म्हणायचो, आमची माय.

भाद्रपदाच्या पुनवेला तिने भुलाबाई मांडली. आमच्याकडे वऱ्हाडात तेव्हापासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी भुलाबाईपुढे बसून गाणी म्हणतात. मग खिरापत. ती झाकणाच्या डब्यात असते. डबा कानाशी हलवायचा आणि आवाजावरून पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. ओळखलं नाही तर घरच्या बाईची जीत. आमच्या घरी चौदा वर्षं भुलाबाई बसली नव्हती. मायने कोनाड्यातून जुनी मातीची मूर्ती काढली, गल्लीतल्या पोरी जमवल्या आणि सगळ्या पोरींपेक्षा मोठ्या आवाजात गायला लागली. खिरापत अशी करायची की कोणाला ओळखता येऊ नये. एकदा राजगिऱ्याच्या लाह्यांत तिने दोन बदाम टाकले. पोरी हरल्या आणि म्हातारी टाळ्या पिटत नाचली.

मी दारात उभा राहून पाहत होतो. डबा बाजूला ठेवून ती म्हणाली, "श्याम, पौर्णिमाले फोन लाव."

पौर्णिमा माझी धाकटी बहीण. चौदा वर्षांपूर्वी तिने अमरावतीत धर्मेंद्रशी लग्न केलं. तो पाटबंधारे खात्यात नोकरीला, मूळचा नांदगाव खंडेश्वरचा, बौद्ध. विहारात लग्न लागलं. आमच्याकडून कोणी गेलं नाही. त्या दिवशी मायने विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. डोक्यावरून पाणी ओतलं, ओल्या लुगड्याने घरात आली आणि चूल पेटवली. रडली नाही. तेव्हापासून त्या नावाचा उच्चार घरात झाला नव्हता. वडील गेले तेव्हा पौर्णिमा गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती आणि तिथूनच परत गेली. तिला कोणी परत लावलं हे विचारू नका.

मी फोन लावला. मायने तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "पौर्णिमे, मी माय. माह्यानं चुकलं वं."  पलीकडून आलं ते रडणं होतं. माय मात्र रडली नाही, ती हसत होती. "रडतेस कायले, पोट्टे? कोजागिरीले ये. जावाईबापूले आन. पोट्टीले आन. किती वर्साची झाली वं ते?"

पोरगी दहा वर्षांची होती, नाव माधवी. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन. माय भुलाबाईची एकेक ओळ सांगायची, तिकडून माधवी म्हणायची. मग माधवी तिकडे एखादा डबा फोनजवळ हलवायची आणि माय इकडून ओळखायची. शेंगदाणे! गोटे! तुह्या मायच्या बांगड्या! तासभर हे चालायचं. धर्मेंद्र देवपूजा मानत नाही, पण गाणी म्हटल्याने काही बिघडत नाही, असं तो म्हणाल्याचं कळलं. मोठा उदार माणूस.

टकलावर हात पुन्हा काही आला नाही. तिच्या डोक्यात आता कोजागिरीच होती. तेहतीस प्रकारची खिरापत करायची, बार्शीटाकळीहून भगवंतमामा ज्वारीचे धांडे आणतील त्यांचा मांडव घालायचा, माधवीला परकर शिवायचा. मी सकाळी पुडी घेऊन गेलो की ती तोंड उघडायची, गोळ्या गिळायची आणि विचारायची, "पौर्णिमाचा फोन आलता का?"

एका संध्याकाळी मी चहा द्यायला गेलो. तिची पाठ माझ्याकडे होती. फोनवर म्हणत होती, "तू गेली आन् या घरातलं हासनंच गेलं वं. तुह्याशिवाय इथं हासाले आहे कोन?"

चहा मी मोरीत ओतला.

चौदा वर्षं या बाईचं सगळं मी केलं. दुखलं तर मी, पडली तर मी, वडिलांचं शेवटचं गू-मूत मी. आणि जेव्हा तिच्या पोटात खुशी मावेना, तेव्हा ती सांडली कोणावर? जिच्या नावाने आंघोळ केली तिच्यावर. आणि खुशी कोणाची? माझी. माझ्या दुकानातली, माझ्या हाताने बांधलेली.

दुसऱ्या दिवशी मी पुडीतून ती गोळी काढून घेतली. तेवढीच, तशीच पांढरी, जीवनसत्त्वाची एक गोळी तिच्या जागी टाकली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय कळणार? आरतीला सांगण्यासाठी माझ्याकडे कारण तयार होतं. मायचं तोंड सुजून गोल झालं होतं, साखर वाढली होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण ही गोळी सव्वा महिना दिल्यावर अशी एकदम तोडायची नसते, पायरीपायरीने उतरवायची असते, हे पहिल्या वर्षात शिकवतात. मला ते पाठ होतं. कोजागिरीला दहा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी माय उठली नाही. सांधे पुन्हा धरले, पहिल्यापेक्षा जास्त. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोरी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आरतीने त्यांना परत पाठवलं. भुलाबाईपुढे दिवा लावायला कोणी नव्हतं. फोन वाजायचा, माय भिंतीकडे तोंड करायची. जेवण पोटात ठरेना. आरती म्हणाली, "अहो, दवाखान्यात नेऊ ना." मी म्हणालो, "थांब, हवामान बदललं म्हणून होतं असं." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. सोळा वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचं खोटं कळतं.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी चारला ते तिघं आले. मूर्तिजापूरपर्यंत एसटीत उभं राहून आलो, असं पौर्णिमा सांगत होती आणि हसत होती. केस पांढरे झाले होते तिचे. चौदा वर्षांनी ती उंबरठ्यावर उभी होती आणि पाय आत टाकावा की नाही हे तिला कळत नव्हतं. धर्मेंद्रच्या हातात सीताफळांची पिशवी. माधवीने परकर घातला होता. आपल्याच मायने शिवलेला, आजीचा वेळेवर पोचला नाही म्हणून.

"माय, मी आली," पौर्णिमा खाटेजवळ बसून म्हणाली.

मायने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, हरवलेली वस्तू शोधावी तसं. मग म्हणाली, "कायले आली?"

"तूच बोलावलं ना, माय."

"बोलावलं असन. मले काईच नाई वाटून राहिलं वं. तू आली, तरी काईच नाई वाटून राहिलं." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

माधवीला यातलं काही समजलं नाही. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. ती सकाळपासून तो जपत होती. आजीच्या कानाजवळ नेऊन खुळखुळ वाजवला. "आजी, ओळख ना, डब्यात काय आहे?"

"डोकं दुखते. घेऊन जा," माय म्हणाली.

पोरगी डबा छातीशी धरून मागे सरली. धर्मेंद्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पौर्णिमा उठून माझ्यासमोर आली. "दादा, दहा दिवसांपयले फोनवर हासत होती ते. काय केलं तुमी तिले?"

मी दुकानात गेलो. परत आलो तेव्हा माझ्या हातात गोळ्यांची प्लास्टिकची बाटली होती. ती मी पौर्णिमाच्या कानाशी नेली आणि हलवली. आवाज चांगला येतो, अर्धी बाटली रिकामी होती ना.

"आता तू ओळख," मी म्हणालो. "माय काहून हासत होती?"

मी पुन्हा हलवली. "नाई ओळखत? हे घे, सांगतो. हे हासत होती. गाणं हे म्हनत होती. 'माह्यानं चुकलं' म्हने ना तुले? तेबी हेच म्हनत होती. मी गोळी देली, तुही माय आली. गोळी काढली, गेली. चौदा वर्सांत तुही आठवन तिले एक दिवस नाई आली. लिहून घे."

मला वाटलं होतं, हे बोलून मला फार बरं वाटेल. ते वाटलंही, दोन-तीन श्वास.

मग खाटेवरून आवाज आला. माय आमच्याकडे वळली होती. "मंग बंद कायले केली?"

"तब्बेतीसाठी, माय. तोंड सुजलं होतं तुहं."

"खरं सांग."

मी बाटली खिशात टाकली.

"बहात्तर वर्सांत सव्वा महिना भेटला मले," ती म्हणाली. रागाने नाही, भाव विचारावा तसं. "तुह्या गोळीचा होता तं तुह्या गोळीचा. राहू द्याचा होता, लेका. आजच्या दिवसापुरता तरी." एवढं बोलून तिला कोरडी ओकारी आली आणि ती खाटेच्या कडेवरून लोंबली.

धर्मेंद्रने तिला उचललं. ज्याला चौदा वर्षं आमच्या पायरीवर पाय ठेवता आला नाही, त्याच्या हातांवर माझी माय त्या पायऱ्या उतरली. दवाखान्यात गोळीचं कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ही एकदम कोणी तोडली? अजून दोन दिवस गेले असते तर बाई हाती लागली नसती. धर्मेंद्रने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. माझं नाव त्याने सांगितलं नाही. याचा मला आजही राग येतो.

बाहेर बाकावर पौर्णिमा बसली होती. मी शेजारी बसलो नाही. ती म्हणाली, "दादा, खुशी गोळीची असन. पन खुशी झाल्यावर फोन कोनाले लावाचा, हे गोळीत लिहून होतं का?"

मी म्हणालो, चहा घेशील का? ती नाही म्हणाली. माधवीचा डबा तिथेच बाकावर होता. त्यात काय होतं ते मी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि तीन महिन्यांत उतरवत आणायला सांगितलं. सांध्यांसाठी दुसरं औषध दिलं. पुडी माझ्याकडेच राहिली. दुकान माझं, घर माझं. माय हळूहळू उठून बसायला लागली. पौर्णिमाचे फोन पुन्हा सुरू झाले. पण आता एक नवीनच झालं. मायला हसू यायचं आणि ते अर्ध्यावर थांबायचं. ती दुकानाकडे तोंड करून विचारायची, "श्याम, हे माहं का गोळीचं?"

मी सांगायचो, "गोळीचं." तेव्हा ते खरंच असावं. मी खोटं बोललो नाही.

संक्रांतीला ती गोळी पूर्ण बंद झाली. मायला मी ते सांगितलं नाही. सकाळी पुडी असतेच, तिच्यात सांध्यांचं औषध, कॅल्शियम, पित्ताची. तिला काय, सगळ्या पांढऱ्याच.

होळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मी मायला पाणी द्यायला आत गेलो होतो. फोन स्पीकरवर होता. माधवीने तिकडे डबा हलवला. माय डोळे मिटून ऐकत होती. "फुटाने," ती म्हणाली. "नाई! आजून एक हाय त्याच्यात. थांब, सांगू नको. हलव पुन्हा." खुळखुळ झाली. "तुहा पडका दात!"

"आजी! कसं काय ओळखलं?" पोरगी किंचाळली.

आणि माय हसली. नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. तशीच, भेंडीच्या दिवशी हसली होती तशी. डोळ्यांतून पाणी. गोळी बंद होऊन दीड महिना झाला होता. त्या हसण्यात माझ्या दुकानातलं काहीही नव्हतं. पाण्याचा गिलास हातात धरून मी उभा होतो, आणि सातवीतला मी होतो.

तिचं हसणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरत पाहिलं, आणि त्या घाबरण्यात थोडी आशाही होती, मी आंधळा नाही. "श्याम, ते गोळी आज देली होती का रे?"

फोनमधून माधवी "आजी, आजी" करत होती.

"देली होती ना, माय," मी म्हणालो. "सकाळीच."

"तरीच," माय म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.